सात घरांची मोटार

माणूस पहिल्यांदा भेटला की आपल्याकडे त्याचं गाव विचारतात, मग आडनाव, आणि ओळख जरा वाढली की आडून आडून पगार. शेठनी मला पहिल्या भेटीत गाडी विचारली. सिंगापुरात बुकित पंजांगला आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये मी बायकोशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवल्याबरोबर मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "मराठी का? वा वा. गाडी कुठली आपली?"

"गाडी नाही. एमआरटीनं जातो," मी इथल्या मेट्रोचं नाव सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शर्टाची बटणं चाचपली. अकराव्या मजल्यावर उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होईल. मनाला लावून घेऊ नका."

तोपर्यंत मी मनाला काहीही लावून घेतलेलं नव्हतं. घरी गेलो आणि पहिल्यांदाच खिडकीतून खालच्या कारपार्ककडे बघत उभा राहिलो. शेठ हे असे होते. तुम्हाला कुठे दुखतंय हे ते आधी तुम्हाला पटवून देत आणि मग औषध काढत.

सगळे त्यांना शेठ म्हणत, कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. तालुक्याच्या गावी त्यांचं बॅटरी आणि टायरचं दुकान होतं. पन्नाशी उलटल्यावर ते दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून ते इथे आले आणि तुआसच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये भागीदार झाले. तिथे कारखान्यातल्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या दुरुस्त होत. सिंगापूरच्या उकाड्यात ते सफारी घालत. खिशाला पेन लावावं तसा बॅटरी तपासायचा छोटा मीटर लावलेला असे, आणि माणसंही ते त्याच मापानं मोजत. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांबद्दल ते म्हणत, "करंट आहे, पण टर्मिनलला गंज चढलाय. बाहेर काही येत नाही." माझ्या ऑफिसातल्या साहेबाला एकदा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "पाणी संपलंय. नुसतं चार्जिंगला लावून उपयोग नाही." माझ्या बायकोला मात्र ते कायम "वहिनी फुल चार्ज" म्हणत, त्यामुळे आमच्या घरी त्यांना चहा विचारावा लागत नसे.

रस्त्यावर विजेच्या गाड्या दिसायला लागल्या तेव्हा शेठच्या अंगात आलं. "इंजिनवाले गेले," ते म्हणाले. "आता बॅटरीवाल्यांचे दिवस. गावात लोक मला बॅटरीवाला म्हणून खालच्या नजरेनं बघायचे. आता बघा की." जणू काही जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांच्याच दुकानात बसून हा निर्णय घेतला होता.

त्यांनी सुरू केलेला पहिला उद्योग वाहनपूजेचा. इथे गाडी घेणारा मराठी माणूस एवढ्या दिव्यातून गेलेला असतो की त्याला पूजा लागतेच. पण नारळ कारपार्कच्या जमिनीवर फोडायची छाती कोणाची होत नाही, कारण कचऱ्याबद्दल दंड होईल की काय ही धास्ती. शेठनी त्याची सोय केली. प्लास्टिकचं घमेलं, त्यात जुना टॉवेल, त्यात नारळ आणि हातोडी. चाकाखालची लिंबं चिरडली की ती गोळा करायला लांब चिमटा. मंत्र मोबाइलवर. विजेच्या गाडीत त्यांची एकदाच पंचाईत झाली. इंजिनाला कुंकू लावायला म्हणून झाकण उघडलं तर आत रिकामा खड्डा, सामान ठेवायचा. शेठनी त्या खड्ड्यातच अक्षता टाकल्या आणि मालकाला सांगितलं, "आत्मा असाच असतो. दिसत नाही." तो मालक कॉम्प्युटरवाला होता, त्याला हे पटलं.

पण त्यांची खरी कर्तबगारी म्हणजे सात घरांची मोटार.

इथे गाडी घेणं म्हणजे काय, हे इथे न राहिलेल्याला सांगणं अवघड आहे. गाडीच्या आधी गाडी घेण्याचा परवाना घ्यावा लागतो. तो लिलावात मिळतो, पुष्कळदा गाडीपेक्षा महाग पडतो आणि दहा वर्षांनी संपतो. सरकारचं म्हणणं इतकंच, की बेट लहान आहे, आगगाड्या आणि बसेस उत्तम आहेत, त्यातून फिरा. आम्ही हे म्हणणं मुकाट्यानं ऐकतो आणि आतून कुढतो. पुण्यातला धाकटा भाऊ कोपऱ्यावर भाजी आणायला चारचाकी काढतो, आणि आपण तांजोंग पगारच्या चकचकीत इमारतीत बसून बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि संध्याकाळी पिशवी सांभाळत एलआरटीच्या छोट्या आगगाडीत उभं राहायचं. हे शल्य आमच्या ब्लॉकमधल्या सातही मराठी घरांत होतं. शेठनी फक्त त्यावर बोट ठेवलं.

सभा आमच्या घरी झाली. शेठनी कालनिर्णयासारख्या भिंतीवरच्या एका जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि एक गोल काढला.

"ही विहीर," ते म्हणाले. "आमच्या मळ्यातली. वाटेकरी सात. भाऊबंद एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, बोलत नाहीत, पण पाण्याची पाळी कधी चुकली नाही. सोमवार थोरल्याचा, मंगळवार मधल्याचा. पिढ्या गेल्या, वार तेच. मोटार तशीच घ्यायची. एक मोटार, सात घरं, सात वार."

कोणीतरी विचारलं, की गाडी सामायिक वापरण्यासाठी इथे ॲप्स आहेत, ती का वापरू नयेत?

"ॲपची गाडी भाड्याची," शेठ म्हणाले. "ती पूजेला चालत नाही."

ॲपचा विषय तिथेच संपला. आमच्यातल्या मॅनेजरसाहेबांकडे इथलं नागरिकत्व होतं आणि ते एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, म्हणून गाडी त्यांच्या नावावर घ्यायचं ठरलं. आपसात भाडं घ्यायचं-द्यायचं नाही, नाहीतर कायद्याच्या कचाट्यात सापडू, हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि लिहून घेतलं. विम्याच्या कागदावर ज्यांच्याकडे लायसन्स होतं त्यांची नावं चढली. बुधवार साहेबांचा, मंगळवार आमचा, सोमवार एका मालवणी जोडप्याचा. गुरुवार शेठनी मागून घेतला, दत्ताचा वार म्हणून. पाळीपत्रक व्हॉट्सॲप ग्रुपवर लागलं. सकाळी सात वाजता गाडी पुढच्या घराच्या ताब्यात द्यायची, आणि देताना 'विहीर भरून' द्यायची, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज करून. पाळीची अदलाबदल करायची नाही. हा शेवटचा नियम शेठचा, आणि त्यावर ते अडून बसले होते. "एकदा अदलाबदल केली की भाऊबंदकी सुरू," ते म्हणाले.

माझी मुलगी हे सगळं ऐकत होती. ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, बस स्टॉप इज जस्ट डाउनस्टेअर्स. व्हाय नीड कार, लाह?" तिला आत पाठवण्यात आलं.

गाडी आली, निळ्या रंगाची. गाडी आल्यावर लक्षात आलं की आम्हाला जायला कुठे नव्हतं. दर मंगळवारी ऑफिसातून धावत घरी यायचं, गाडी काढायची आणि लिटल इंडियात जाऊन कढीपत्ता आणायचा. पार्किंग शोधण्यात इतका वेळ जायचा की तेवढ्यात एमआरटीनं दोनदा जाऊन आलो असतो. पण कढीपत्ता मागच्या सीटवर ठेवून येताना ऊर भरून यायचा, हे कबूल केलं पाहिजे. भांडणंही यथासांग सुरू झाली. मालवणी जोडप्यानं सुके बोंबील आणले आणि त्यांचा वास पुढच्या मंगळवारपर्यंत टिकला. कोणी सीट मागे सरकवून ठेवायचं, कोणी अर्धी विहीर देऊन जायचं. साहेब प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून वहीत चिकटवत आणि खाली तारीख टाकत. सहा महिन्यांत आम्ही सात घरं अगदी त्या मळ्यातल्या भाऊबंदांसारखी झालो.

आणि शेठ? शेठ गाडी चालवत नसत. मला हे कळलं ते योगायोगानं. एका गुरुवारी संध्याकाळी कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर गेलो, तर निळी गाडी जागच्या जागी उभी आणि शेठ आत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, सफारीत. एसी चालू. मी काचेवर टकटक केली.

"बसा की," ते म्हणाले. मी शेजारी बसलो. समोर भिंत होती.

"कुठे निघालाय?" मी विचारलं.

"कुठं नाही. बसलोय. गुरुवार आहे माझा."

भारतातल्या लायसन्सवरून इथलं करून घ्यायचं तर आधी नियमांची लेखी परीक्षा द्यावी लागते. कॉम्प्युटरवर पन्नास प्रश्न, पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. शेठ तीनदा नापास झाले होते. ज्या माणसानं आम्हा सहा घरांना मोटारीच्या नादाला लावलं, तो स्वतः दर गुरुवारी गाडी पुसून, हवा तपासून, दोन तास भिंतीकडे तोंड करून बसत होता. मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

मग एका रविवारी ते आमच्या घरी आले, आणि चहा समोर येऊनही त्यांनी कपाला हात लावला नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"आबा येणार आहेत," ते म्हणाले.

आबा म्हणजे त्यांचे वडील. बसच्या डेपोत आयुष्यभर मेकॅनिक होते, आता ऐंशीच्या पुढे. शेठ सिंगापूरला निघाले तेव्हा गावातले लोक हसले होते, की पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःचं दुकान सोडून परक्याच्या बॅटऱ्या धुवायला चाललाय. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली जन्म काढला. तू एकदा स्वतःच्या गाडीत बस, मग काय बी कर."

"मग मी फोनवर सांगितलं, घेतली आबा," शेठ म्हणाले. "निळी आहे, बॅटरीची आहे. फोटो पाठवला. आबांनी तो गावभर दाखवला. आता म्हातारा म्हणतोय, मरायच्या आधी तुझ्या शेजारी त्या गाडीत बसायचंय. पासपोर्ट काढलाय. सोळा दिवस राहणार."

बायको म्हणाली, "मग खरं सांगून टाका ना. सात घरांची म्हणून काय झालं?"

"वहिनी, गावात काय तोंड दाखवू? आबा काय तोंड दाखवतील?"

आणि मग त्यांनी जे मागितलं ते ऐकून मी कप खाली ठेवला. पाळीपत्रक मोडायचं नव्हतं, तो नियम त्यांचाच होता. फक्त सोळा दिवस एवढंच करायचं, की रात्री किल्ली गुपचूप शेठकडे द्यायची, आणि ज्याचा वार असेल त्यानं सकाळी सात वाजता शेठच्या दारात यायचं आणि आबांच्या देखत म्हणायचं, "शेठ, आज जरा गाडी मिळेल का?"

बाकीच्या सहांपैकी पाच घरं लगेच तयार झाली, कारण आपल्याकडे नाटक म्हटलं की माणसं नाही म्हणत नाहीत. मालवणी गृहस्थांनी तर तालीम कधी, असं विचारलं. अडले ते मॅनेजरसाहेब. "कायद्यानं ती गाडी माझी आहे," ते म्हणाले. "माझीच गाडी मी त्यांच्या दारात जाऊन मागायची?" त्यांना बराच वेळ समजावावं लागलं. शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही रोज ऑफिसात तेच करता," आणि ते तयार झाले.

राहिलं लायसन्स. ते काम माझ्या बायकोनं अंगावर घेतलं. ती लग्नाआधी शाळेत शिकवायची आणि नापास मुलांवर तिचा विशेष जीव होता. रोज संध्याकाळी शेठ आमच्या डायनिंग टेबलाशी येऊन बसत.

"झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा आहे. तुम्ही काय कराल?"

"हॉर्न देईन."

"हॉर्न पर्यायात नाही."

"मग प्रश्न चुकीचा आहे."

"शेठ, चारातलं एक निवडायचं."

"वहिनी, त्या माणसाला कळायला नको का मी येतोय ते?"

"त्याला कळायची गरज नाही. तुम्ही थांबायचं."

शेठ बराच वेळ त्या चित्रातल्या माणसाकडे बघत बसले. "तो जाईपर्यंत?" त्यांनी विचारलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवलेल्या माणसाला हे पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. आमच्यापैकी कोणालाच हे गावाकडे कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे मी मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत राहिलो.

चौथ्या खेपेला ते पास झाले. सेहेचाळीस. लायसन्स हातात आलं आणि विम्यात नाव चढलं. त्यांनी अख्ख्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले. तळमजल्याजवळ राहणाऱ्या चिनी आजीबाईंना पेढा देऊन ते म्हणाले, "आय पास. ड्रायव्हिंग." आजीबाईंनी पेढा वास घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "वाह, अंकल. फायनली आह."

आबा आले ते एका सोमवारी. पांढरा पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. विमानतळावरून दोघं टॅक्सीनं आले. "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय," शेठनी सांगितलं. आबा म्हणाले, "नवी गाडी लगीच सर्विसिंगला?" आणि पिशवी सावरत पुढे निघाले.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी शेठच्या दारात उभा राहिलो. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, तरी वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाहिलं. "शेठ, आज जरा गाडी मिळेल का?" मी म्हणालो.

शेठनी खिशातून किल्ली काढून अशी पुढे केली की मला खरोखरच उपकार वाटले. "न्या की. सांभाळून चालवा," ते म्हणाले. ते त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

बुधवारी साहेब आले. टाय लावून. त्यांनी वाक्य इंग्रजीत म्हटलं, म्हणून आबांसाठी शेठनी त्याचं मराठी करून सांगितलं, "साहेब आहेत बँकेत. त्यांना गाडी पाहिजे म्हणतायत." साहेबांचा चेहरा लाल झाला. आबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि लेकाकडे वळून म्हणाले, "दे बाबा त्यास्नी. मोठी मानसं बी मागायला येत्यात, बरं वाटतंय."

मग गुरुवार आला.

गाडीतून सहा घरांच्या खुणा काढून टाकायला आम्हाला पहाटेपासून दोन तास लागले. एका घराची बेबी सीट, एकाची छत्री, कोणाचा चष्मा, साहेबांची ओरखड्यांची वही. शेठनी पूजा मांडली. आबांच्या हस्ते नारळ फुटला, घमेल्यात. शेठनी झेंडूचा हातभर जाड हार आणला होता. तो त्यांनी गाडीच्या पुढच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला, आणि वर काचेच्या मधोमध कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. आबा पुढे शेजारी बसले, मी मागे. बाकीची घरं हात जोडून उभी होती. शेठनी गाडी सुरू केली आणि गाडी बोंबलायला लागली.

पुढे अडथळा आहे, असं पडद्यावर लाल अक्षरात येत होतं. शेठनी पाय दाबला. गाडी बोटभर सरकली आणि गचकन थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. पुढे काही नव्हतं. माणसं बाजूला झाली, घमेलं उचललं, लिंबं चिमट्यानं गोळा झाली. गाडी ओरडतच होती. आमच्या सात घरांत पाच इंजिनिअर. एकानं सांगितलं बंद करून चालू करा. एकानं सॉफ्टवेअर अपडेट राहिलंय असं निदान केलं. मी मॅन्युअल मोबाइलवर उघडून इंडेक्स शोधत होतो. साहेब कंपनीच्या हेल्पलाइनला लावून संगीत ऐकत उभे होते. शेठच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी वडिलांकडे बघितलंच नाही.

आबांनी दार उघडलं आणि खाली उतरले. एकदा गाडीभोवती फिरून आले. समोर उकिडवे बसले, हार बोटानं जरा उचलला.

"हे काळं टिकलीगत काय हाय?" त्यांनी विचारलं.

"सेन्सर, आबा."

"म्हंजे?"

"त्यानं गाडीला पुढचं कळतं."

"आन् हे काचंवरचं, कुंकवामागं?"

"तो कॅमेरा."

आबा लेकाकडे वळले. "मग हिचं डोळं झाकून, चल का म्हनतोयस हिला?" ते म्हणाले.

हार त्यांनी स्वतः सोडला. टोपी काढून त्याच टोपीनं काच पुसली. विजेची गाडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. आम्ही पाच जणांनी मोबाइल खिशात घातले.

गाडी निघाली ती तुआसपर्यंत. शेठ ठरावीक वेगानं, दोन्ही हात चाकावर ठेवून, परीक्षेत असल्यासारखी चालवत होते. एका झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई उभी होती, शेठ थांबले. बाई निवांत गेली. आबांनी मागे वळून मला विचारलं, "हॉर्न न्हाई व्हय हिला?" वर्कशॉपमध्ये आबांनी प्रत्येक बॅटरीवर हात ठेवून पाहिला, कामगारांना रामराम केला. परतीच्या वाटेवर त्यांनी सीटवर मान टाकली आणि डोळे मिटले. शेठ आरशातून माझ्याकडे बघून हसले. त्या एका दिवसासाठी तरी आमचं सगळ्यांचं खोटं बोलणं मला माफ करण्यासारखं वाटलं.

त्यानंतर आबा दुपारी खाली, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बसायला लागले. म्हाताऱ्या चिनी लोकांमध्ये ते बाकावर बसत आणि येणारी-जाणारी निळी गाडी बघत. नाटक सुरूच होतं. शुक्रवारचे शुक्रवारी आले, शनिवारचे शनिवारी. मालवणी गृहस्थ तर दर खेपेला संवाद वाढवत होते. दुसऱ्या सोमवारी त्यांनी सासूच्या आजारपणाचा प्रवेश घातला. दुसऱ्या मंगळवारी मी गेलो तेव्हा आबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "या. मंगळवार न्हवं आज?" मी हो म्हणालो आणि किल्ली घेऊन निघून आलो. माझी अक्कल तिथे चालली नाही.

निघायचा दिवस बुधवार होता. सकाळी सातला मॅनेजरसाहेब आले. पण त्या दिवशी त्यांनाही काय झालं कोण जाणे, ते ठरलेलं वाक्य बोललेच नाहीत. "आबांना विमानतळावर सोडायचंय ना? आज गाडी राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. माणूस मनानं वाईट नव्हता. मी बॅग उचलायला म्हणून तिथेच उभा होतो.

शेठचा चेहरा खुलला. पण आबा उठले, टोपी घातली, कापडी पिशवी खांद्याला लावली आणि शांतपणे म्हणाले, "नगं. बुधवार ह्यांचा हाय."

साहेबांनी टायची गाठ चाचपली.

"सोमवारी ते मालवनी, मंगळवारी हे," माझ्याकडे बोट करून आबा म्हणाले, "बुधवारी सायेब. दोन फेर बघितलं म्या. मागायला येनारा मानूस वार बघून येत न्हाई. पाळीवाला येतो." मग लेकाकडे वळून म्हणाले, "दुसऱ्याच्या पाळीचं पानी आपन आजपातूर घेतलं न्हाई. ती रेल्वे जाती न्हवं विमानाकडं? चल."

आम्ही तिघं एलआरटीनं आणि पुढे एमआरटीनं निघालो. पहिली दहा मिनिटं शेठ खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "आबा, मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"बोललास," आबा म्हणाले.

"गावात काय सांगणार तुम्ही?"

पुढच्या स्टेशनवर एक पोरगी आपली जागा सोडून उठली आणि आबा तिथे जाऊन बसले. शेठ त्यांच्यासमोर दांडीला धरून उभे राहिले, चांगीपर्यंत. त्या प्रवासात मला शेठची जेवढी कीव आली तेवढी कधी आली नाही. सहा घरांना स्वप्न विकणारा माणूस एका म्हाताऱ्याच्या तोंडून काय निघेल या भीतीनं पार उतरून गेला होता.

पुढे वर्षभरात तुआसचं वर्कशॉप बंद झालं, इथे राहायच्या पासची मुदत संपली आणि शेठ गावी परतले. त्यांच्या जागी गुरुवार कोणी घ्यायचा यावर ग्रुपवर आठ दिवस चर्चा झाली. निर्णय लागला नाही, म्हणून गुरुवारी गाडी उभीच असते.

मागच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. जुन्या दुकानापुढे त्यांनी आता विजेच्या दुचाकी चार्ज करायची सोय केली आहे. मोठी पाटी आहे, तिच्यावर 'सिंगापूर रिटर्न' असं लिहिलंय. सफारी तीच, मीटर तोच. मला मिठी मारली, चहा मागवला, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली. आबा पायरीवर बसले होते. त्यांनी मला वार विचारला आणि हसले.

दुकानात पाच-सहा माणसं होती. त्यांतला एक जण, पुढच्या गल्लीतला टायरवाला, पाय हलवत बसला होता. तो माझ्याकडे बोट दाखवत आबांना मोठ्यानं म्हणाला, "आबा, शेठ सांगतंय सिंगापुरात त्याची सोताची मोटार हुती म्हनून. हे सायेब हायतच. आज सोक्षमोक्ष हुऊन जाऊ द्या. तुम्ही गेला हुता तिथं. खरंच हुती काय त्याची?"

शेठ माझ्यासाठी बशीत चहा ओतत होते. त्यांचा हात थांबला. सगळे आबांकडे बघत होते.

आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"व्हय," ते म्हणाले. "दर गुरुवारी त्याचीच असायची. मी बसलोय की तीत."